रात्री जेवलो नाही, तरी सकाळी साखर कुठून आली?

"रातच्याला कायीच खाल्लं नाई जी, मंग सकाळी साखर कुठून आली?"

परतवाड्याकडचे एक निवृत्त गुरुजी रक्ताचा रिपोर्ट टेबलावर ठेवून मला विचारत होते. उपाशीपोटीची साखर १८४. गेले पंधरा दिवस गुरुजींनी रात्रीचे जेवण सोडले होते. ताकाचा एक ग्लास, बस्स. चहातली साखर तर दोन वर्षांपूर्वीच गेलेली. घरी लग्नाची पंगत उठली, पण यांनी पानात बुंदी वाढू दिली नाही. तरी आकडा हटायला तयार नाही. सोबत आलेल्या सूनबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या मनातले चेहऱ्यावर दिसतच होते. मामाजी चोरून खातात, असा घरात संशय होता. गुळाचा डबा वरच्या फळीवर गेला होता. आयुष्यभर मुलांना खरे बोलायला शिकवलेल्या माणसावर म्हातारपणी गूळ चोरल्याचा आळ!

चोर घरातलाच होता, पण तो शोधायला स्वयंपाकघरात जाण्याची गरज नव्हती. तो गुरुजींच्या उजव्या बरगड्यांखाली बसला होता. त्यांचे यकृत.

मधुमेह म्हटला की आपल्यासमोर साखरेचा डबा येतो, फार तर स्वादुपिंड येते. यकृताचे नाव कोणी घेत नाही. यकृत आठवते ते कावीळ झाल्यावर, नाही तर दारूचा विषय निघाल्यावर. आपली भाषाही या अवयवाशी जरा दुजाभावानेच वागते. मटणाच्या दुकानात काळीज मागितले की यकृत मिळते आणि कवितेत काळीज आले की ते हृदय समजायचे. माझे मत मी आधीच सांगून टाकतो. मधुमेही माणसाला यकृताचे काम समजावून न सांगता नुसते 'साखर बंद, भात बंद, बटाटा बंद' लिहून देणे हा अर्धा उपचार आहे. उरलेल्या अर्ध्या भागाअभावी आपल्याकडे माणसे घाबरतात, नको तेव्हा औषध सोडतात आणि काही वेळा जिवाला मुकतात.

वऱ्हाडातल्या वाचकांना कणगी म्हणजे काय ते सांगायला नको. सुगीला ज्वारी घरात आली की ती एकदम कोणी खात नाही. कणगीत भरायची आणि पुढे वर्षभर लागेल तशी काढायची. यकृताचे नेमके हेच काम आहे. जेवणातून आलेली साखर ते ग्लायकोजेन नावाच्या रूपात साठवते आणि दोन जेवणांच्या मधल्या वेळेत, विशेषतः रात्री, थोडी थोडी रक्तात सोडते. हे थांबले तर आपण सकाळी उठणारच नाही. निरोगी माणसाच्या संपूर्ण रक्तात एका वेळी असते किती साखर? सुमारे पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. आणि एकट्या मेंदूला दिवसाला जवळजवळ १२० ग्रॅम लागते. त्या एका चमच्यावर मेंदूची रात्र कशी निघणार? म्हणून साठ किलो वजनाच्या निरोगी माणसाचे यकृत उपाशीपोटी तासाला साधारण सात ग्रॅम साखर रक्तात सोडत असते. रात्री दहा ते सकाळी सहा एवढ्या वेळात पन्नास-पंचावन्न ग्रॅम झाली. दोन चमचे घातलेल्या पाच कप चहाची साखर, आणि तोंडात एक दाणा न घालता!

बरे, ही कणगी काही फार मोठी नाही. पोट भरलेले असताना तिच्यात शंभरेक ग्रॅम माल असतो आणि दिवसभराच्या उपवासात ती जवळजवळ रिकामी होते. मग यकृत आपली दुसरी विद्या बाहेर काढते आणि नवी साखर तयार करू लागते. डवरणीला गेलेल्या माणसाच्या स्नायूंतून आलेले लॅक्टिक आम्ल, प्रथिनांचे तुकडे, चरबीतून निघालेले ग्लिसरॉल, जे हाती लागेल ते घेऊन त्याची साखर करते. स्नायूंतही ग्लायकोजेन असते, किंबहुना यकृतापेक्षा कितीतरी जास्त असते, पण ते रक्तात परत सोडण्यासाठी लागणारे विकर स्नायूंकडे नाही. स्नायू आपला साठा आपणच वापरतात. शेजाऱ्याला वाटीभर पीठ उसने देण्याची रीत फक्त यकृताकडे (आणि थोडीफार मूत्रपिंडाकडे).

ही गोष्ट काही आजची नाही. क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८४८ साली नुसत्या मांसावर ठेवलेल्या कुत्र्याच्या यकृतातून निघणाऱ्या रक्तात साखर दाखवली. प्राण्याच्या शरीरात साखर तयार होऊ शकते, हेच तेव्हाच्या पंडितांना मान्य नव्हते. वनस्पतींनी साखर करावी आणि प्राण्यांनी ती खाऊन संपवावी, अशी समजूत होती. पुढे १८५५ मध्ये त्याने यकृतातून पाणी खेळवून ते साखरेचा अंशही उरणार नाही असे धुऊन काढले आणि तसेच ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो त्यात पुन्हा साखर! १८५७ मध्ये त्याने ग्लायकोजेन वेगळे काढून दाखवले. आपल्या गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर दीडशे वर्षांहून अधिक काळ पुस्तकात पडून आहे. ते दवाखान्याच्या टेबलापर्यंत येत नाही, एवढेच.

आता या कणगीला राखणदार कोण? इथे इन्सुलिन येते. आतड्यांतून अन्नरस घेऊन निघालेले रक्त सरळ हृदयाकडे जात नाही, ते आधी यकृतात जाते. स्वादुपिंडही आपले इन्सुलिन त्याच शिरेत सोडते. म्हणजे इन्सुलिनच्या वाटेवरचे पहिले गाव यकृत, आणि जवळजवळ निम्मे इन्सुलिन तिथेच खर्ची पडते. त्याचा निरोप साधा असतो. बाजारातून माल येतो आहे, कणगी भरून घे, बाहेर काढणे थांबव, नवी साखर करू नकोस. स्वादुपिंडातूनच निघणारे ग्लुकागॉन नेमका उलट निरोप आणते. घरात चणचण आहे, काढ बाहेर. निरोगी माणसात या दोन निरोप्यांची अशी जोडी जमलेली असते की रात्रभरात रक्तातली साखर सत्तर ते शंभरच्या बाहेर सहसा जात नाही.

आपल्याकडे सर्वाधिक आढळणाऱ्या मधुमेहात, ज्याला टाइप टू म्हणतात, इन्सुलिनचा निरोप येतो पण यकृत तो कानावर घेत नाही. रक्तात आधीच साखर भरपूर असताना त्याला वाटते घरात दुष्काळ पडला आहे, आणि ते दार उघडून ओतत राहते. पहाटे शरीर जागे होण्याच्या तयारीत कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके वाढतात. ती यकृताला आणखी चेतवतात. म्हणून काहींची पहाटेची साखर रात्री झोपतानाच्या साखरेपेक्षाही जास्त निघते. गंमत म्हणा की दैवदुर्विलास, पण साखर थांबवण्याचा हुकूम न ऐकणारे हेच यकृत चरबी तयार करण्याचा हुकूम मात्र इमानेइतबारे पाळते. चरबी साठत जाते तसे ते आणखी बहिरे होते. सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'फॅटी लिव्हर' असे दोन शब्द असतात ना, ज्यावर आपण "ते तर आजकाल सगळ्यांनाच असतं" म्हणून पान उलटतो, ते हेच. गुरुजींच्या जुन्या रिपोर्टातही ते होते. कोणी वाचले नव्हते.

मधुमेहावरची सर्वांत जास्त लिहिली जाणारी गोळी मेटफॉर्मिन. ती मुख्यतः यकृतावरच काम करते, त्याच्या साखर तयार करण्याला लगाम घालते. फ्रान्समध्ये ज्यां स्टर्न यांनी १९५७ मध्ये तिचा मधुमेहावरील उपयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेने परवानगी द्यायला १९९४ उजाडले. आमचे रुग्ण ही गोळी 'जेवणाची गोळी' म्हणून ओळखतात आणि जेवण नाही तर गोळी कशाला, असा हिशेब करून सोडून देतात. तिचे खरे काम जेवण नसतानाही चालू असते हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

इथवर आकड्यांची गोष्ट झाली. आता जिवाची सांगतो.

दर्यापूरकडच्या एका खेड्यातली चौदा वर्षांची मुलगी. तिचा मधुमेह वेगळा, टाइप वन. यात स्वादुपिंड इन्सुलिन तयारच करीत नाही, म्हणून रोजची इंजेक्शने. उन्हाळ्यात तिला उलट्या सुरू झाल्या, अन्न पोटात ठरेना. आजीने म्हटले, "पोट्टी कायीच खात नाई, मंग सुई कायले?" घरच्यांना पटले. कोणालाही पटेल असेच ते वाक्य आहे. दोन दिवस इंजेक्शन बंद राहिले. तिसऱ्या दिवशी जीपमधून आणली तेव्हा ती भात्यासारखा खोल श्वास घेत होती, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता आणि हाक मारली तर डोळे उघडत नव्हती. साखर पाचशेच्या वर होती. दोन दिवस काहीही न खाता!

झाले काय होते? इन्सुलिनचा निरोपच बंद पडल्याबरोबर यकृताने साखर ओतायला सुरुवात केली. शरीरातली चरबी वितळून यकृताकडे धावली आणि यकृताने तिची कीटोन नावाची आम्ले केली. त्या आम्लांनी उलट्या वाढल्या, लघवीवाटे पाणी गेले आणि रक्त आंबट होत गेले. सलाइन आणि इन्सुलिनवर ती तीन दिवसांत सावरली. सगळ्याच सावरत नाहीत. ज्या मुलाला इन्सुलिनवाचून गत्यंतर नाही त्याचे इन्सुलिन आजारपणात, उलट्यांत, उपाशीपोटीही पूर्ण बंद करायचे नसते. मात्रा कमीजास्त होईल, ती डॉक्टरांना विचारून. पण शून्य कधीच नाही. हे एक वाक्य अशा प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहून ठेवावे.

टोरांटोच्या रुग्णालयात जानेवारी १९२२ मध्ये ज्याला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले तो लिओनार्ड थॉम्पसनही चौदाच वर्षांचा होता. त्याआधी अशी मुले उपाशी ठेवून काही महिने जगवत, एवढाच इलाज होता. बँटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शोधाचे पेटंट विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. आणि शंभर वर्षांनंतर आमच्याकडे अजून ऐकू येते, "मले सुई नोका लावू जी, सवय लागते." अहो, सवय तंबाखूची लागते. जे शरीर स्वतः बनवते आणि आता कमी पडते आहे, ते बाहेरून घेण्याला सवय कशी म्हणायची? शिवाय कातडीखाली टोचलेले इन्सुलिन आधी साऱ्या शरीरात फिरते आणि मग पातळ होऊन यकृतापर्यंत पोहोचते. निसर्गाची ती सरळ वाट त्याला मिळत नाही. म्हणूनच मात्रा जुळवायला वेळ लागतो आणि चार वेळा रक्त तपासावे लागते. याला डॉक्टरचे अज्ञान किंवा औषधाचा खोटेपणा समजू नये.

सगळ्याच औषधांना मात्र वरचा नियम लावू नका, नाहीतर एक संकट टाळताना दुसरे ओढवेल. ग्लिमेपिराइडसारख्या काही गोळ्या स्वादुपिंडाला चाबूक मारून इन्सुलिन काढतात. त्या घेऊन जेवण चुकवले तर साखर धोक्याच्या खाली जाते. नवरात्रात अंबादेवीच्या दर्शनाला रांगेत उभे असताना घाम फुटून, हातपाय थरथरून खाली बसणारे उपवासकरी यातलेच असतात. उपवास करायचा तर आठ दिवस आधी डॉक्टरांशी बोला. आणि उपवासाच्या नावाखाली साबुदाण्याची उसळ, बटाटा, राजगिऱ्याचे लाडू हे असेल तर तो कुठला उपवास? एकादशी आणि दुप्पट खाशी.

दारूचे तर विचारूच नका. मद्य पोटात गेले की यकृत सगळी कामे बाजूला ठेवून आधी त्याची विल्हेवाट लावत बसते आणि नवी साखर करणे बंद पडते. इन्सुलिन किंवा चाबकाची गोळी घेणारा माणूस संध्याकाळी उपाशीपोटी पिऊन आला, तर कणगी रिकामी आणि कारखाना बंद, अशी त्याची अवस्था होते. मध्यरात्री तो बरळतो, घामाघूम होतो, बेशुद्ध पडतो. घरच्यांना वाटते चढली आहे, झोपू द्या. सकाळी उशीर झालेला असतो. अशा वेळी ग्लुकागॉनचे इंजेक्शनही नीट लागू पडत नाही, कारण काढायला यकृतात काही उरलेलेच नसते. माणूस गिळू शकत असेल तर साखरपाणी, नाहीतर थेट दवाखाना. तोंडात पाणी ओतू नये.

आता 'आम्ही तर बारीक आहोत, आम्हाला कशाला मधुमेह' म्हणणाऱ्यांसाठी आपल्याच महाराष्ट्रातली एक गोष्ट. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपले बाळ सगळ्याच बाजूंनी लहान, पण सारखेच लहान नाही. पोटाचा घेर, म्हणजे यकृतासारख्या अवयवांची जागा, सर्वांत कमी पडलेला. स्नायू कमी. कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ राखलेली. म्हणजे बारीक दिसणारे आपले बाळ आतून चरबीचे असते. पुढे २००४ मध्ये डॉ. याज्ञिकांनी 'लॅन्सेट'मध्ये आपला आणि आपले इंग्रज मित्र डॉ. यडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा वजन-उंचीचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी यडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांत २१.२ टक्के!

मेळघाटातल्या कमी वजनाच्या बाळांच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो आणि त्या कुपोषणाच्या सदरात टाकून मोकळे होतो. मला त्या मधुमेहाच्याही बातम्या वाटतात. गरोदर बाईच्या ताटात आज जे पडत नाही, ते चाळीस वर्षांनी तिच्या लेकराच्या रक्ताच्या रिपोर्टात दिसू शकते. उलट, वाढीच्या वयात उपासमार सोसलेल्या काही कृश माणसांचा मधुमेह आणखी निराळा असतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील रुग्णांवरचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अशा माणसांचे यकृत बहिरे नव्हते, त्यात चरबीही कमी होती, इन्सुलिनच तोकडे पडत होते. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये या प्रकाराला टाइप फाइव्ह असे वेगळे नाव दिले. तात्पर्य, पोट सुटलेल्या व्यापाऱ्याची चिठ्ठी चिखलदऱ्याच्या वाळलेल्या मजुराला जशीच्या तशी लिहून चालणार नाही. 'जेवण कमी करा' हे वाक्य तर त्याला ऐकवूच नये.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींवर मधुमेही आणि १३ कोटींवर उंबरठ्यावरचे लोक आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने मधुमेह, कर्करोग, हृदयविकारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात चरबीयुक्त यकृताचाही समावेश केला. निर्णय चांगला. पण आपल्याकडच्या शिबिरांत काय होते? मंडप, हारतुरे, पाहुण्यांचे भाषण, बोटातून रक्ताचा एक थेंब आणि "साखर वाढली आहे, गोड खाऊ नका". कमरेला टेप लावायला किती खर्च येतो? पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या पुढे गेली असेल तर यकृताची चौकशी करायला हवी, हे शिबिरातली आशाताईसुद्धा सांगू शकेल. तिला कोणी शिकवले तर! आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी लिहून देताना विदर्भात सिकलसेल आणि पंडुरोग किती आहे हे विसरू नये. त्या रुग्णांत हा आकडा फसवतो.

आणखी एक, आपल्या उन्हाचे. मे महिन्यात पत्र्याच्या घरात, लोडशेडिंगमध्ये ठेवलेले इन्सुलिन खराब होते आणि दोष औषधावर जातो. फ्रिज नसेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेले मडके सावलीत ठेवा. कुपी प्लास्टिकच्या डबीत घालून आत ठेवली तर महिनाभराची चालू कुपी बऱ्यापैकी निभावते. आणि फ्रिज असला तरी बर्फाच्या कप्प्यात नको. गोठलेले इन्सुलिन फेकण्याच्याच लायकीचे.

यकृतातली चरबी उतरते का? उतरते, आणि आनंदाची गोष्ट म्हणजे सगळ्यांत आधी तीच उतरते. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या प्रा. रॉय टेलर यांनी २०११ मध्ये दाखवले की, आहार कडक कमी केल्यावर अवघ्या आठवड्यात यकृताची चरबी घटू लागली आणि उपाशीपोटीची साखर जाग्यावर आली. तो प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीखाली होता. घरी बसून कोणी करू नये, गोळ्या चालू असताना तर नाहीच. पण वजन आठ-दहा टक्क्यांनी कमी करणे हे अनेकांच्या आवाक्यात आहे. हनुमान व्यायामशाळेच्या गावात व्यायामाचे महत्त्व मी वेगळे काय सांगू?

गुरुजींना मी रात्रीचे जेवण परत सुरू करायला लावले. सात वाजता एक ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, हिरवी भाजी. दुपारचे दाबून जेवणे आणि त्यावरची झोप बंद. जेवणानंतर अर्धा तास फिरणे. गोळीची वेळ आणि मात्रा बदलली. सूनबाईंना कागदावर यकृताचे चित्र काढून दाखवले आणि गुळाचा डबा खाली घ्यायला सांगितला.

साडेतीन महिन्यांनी आले. वजन सहा किलोंनी उतरलेले, उपाशीपोटीची साखर ११८. डबा खाली आला का, म्हणून विचारले. गुरुजी काही बोलायच्या आत सूनबाईच म्हणाल्या, "आला जी. पन आता हेच म्हंतात, वरच राहू दे."